लोकांच्या हाती कारभार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा नदी वाहते. तिला मिळणारी पूस नदी डोंगरांच्या कुशीतून वाट काढीत येते, आणि तिच्याच काठी पुसद हे गाव वसले आहे. भोवती डोंगरांच्या रांगा, उतारावर हलकी मुरमाड जमीन आणि सखल भागात कापूस व ज्वारी पिकविणारी काळी माती, असा हा मुलूख आहे. येथे पाऊस अगदीच कमी पडतो असे नाही. परंतु जो पडतो तो चार महिन्यांत पडतो, आणि त्यातही पुष्कळसा काही मोजक्या दिवसांत कोसळून जातो. उघड्या टेकड्यांवरून धावणारे पाणी शेतातील सुपीक माती बरोबर घेऊन नाल्यात उतरते, नाल्यातून नदीत जाते, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास विहिरींचे तळ दिसू लागतात.

माती कशी धरून ठेवावी व पाणी कसे अडवावे, हा येथील शेतकऱ्यांपुढचा फार जुना प्रश्न आहे. त्याच्या जोडीला दुसराही एक प्रश्न उभा राहतो. बांध कोठे घालावा, तलाव कोठे बांधावा, त्यासाठी आलेला पैसा नीट खर्च झाला की नाही, हे कोणी पाहावयाचे? दूरच्या कचेरीत बसणाऱ्या अधिकाऱ्याने, की ज्यांची शेते त्या पाण्यावर अवलंबून आहेत त्या लोकांनी? ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात कायद्याच्या रूपाने साकार करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते वसंतराव नाईक ह्याच मुलखातील होते.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली ह्या लहानशा गावी झाला. त्यांचे घराणे बंजारा समाजातील. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत असत. पुढे आगगाडी आली, पक्के रस्ते झाले, आणि त्यांचा हा पिढीजात व्यापार बसला. मग कित्येक तांडे जेथे जागा मिळेल तेथे, डोंगराच्या पायथ्याशी, माळरानावर स्थिरावले व शेती करू लागले. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग ह्यांनी अशाच रीतीने गहुली हे गाव वसविले. तांड्याच्या प्रमुखास नाईक म्हणत. तांड्यातील तंटे ऐकून घ्यावे, सर्वांच्या विचाराने निवाडा करावा, अडल्यानडल्यास मदत करावी, ही नाईकाची कामे असत. वसंतरावांचे वडील फुलसिंग हेही आपल्या तांड्याचे नाईक होते. चार माणसे एकत्र बसून आपल्या गावाचा कारभार कसा पाहतात, हे लहानग्या वसंताने घरीच पाहिले.

गहुलीत शाळा नव्हती. त्यामुळे वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या निरनिराळ्या गावांत झाले. पुढील शिक्षणासाठी ते अमरावतीस व नंतर नागपुरास गेले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून ते १९३८ साली पदवीधर झाले व १९४० साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. त्या काळी तांड्यावरील मुलाने अक्षरओळख करून घेणे हेही विशेष मानले जाई. मग वकील होणे ही गोष्ट किती दुर्मिळ होती, ह्याची कल्पना सहज करता येईल.

वकिलीचा आरंभ त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या सहवासात केला. शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून झटणारे पंजाबराव पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. अशा मोठ्या मनाच्या माणसाकडे काही काळ काढून वसंतराव पुसदला परत आले व तेथे वकिली करू लागले. शेतकरी, मजूर व तांड्यावरील माणसे त्यांच्याकडे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. शेताच्या हद्दीचे वाद, सावकाराचे कर्ज, सारा व वसुली अशा प्रकरणांतून खेड्यातील जीवनाचे खरे स्वरूप त्यांना दिसले.

१९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे ह्यांच्याशी विवाह केला. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. दोन्ही समाजांतील कित्येकांना हा विवाह रुचला नाही. पण दोघांनीही लोकांचा रोष शांतपणे सोसला आणि आपल्या वागणुकीने हळूहळू सर्वांची मने जिंकली. वसंतरावांचा स्वभाव असाच होता. भांडण वाढवावयाचे नाही, आपला विचार सोडावयाचा नाही, आणि कडू शब्द तोंडातून काढावयाचा नाही, ही त्यांची रीत पुढे राजकारणातही कायम राहिली.

१९४६ साली वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक कारभाराचे पहिले धडे त्यांनी येथे गिरविले. नगरपालिकेचा कारभार हा लोकांच्या डोळ्यांसमोर चालतो. नळाला पाणी आले नाही, रस्त्यावर चिखल झाला, तर नागरिक अध्यक्षाला वाटेतच गाठून जाब विचारतात. कारभार करणारा माणूस जवळ असला म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न विचारला जाणार हे ठाऊक असले म्हणजे काम नीट होते, हे त्यांना येथे उमगले.

त्या वेळी वऱ्हाडचा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात होता व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वसंतराव विधानसभेवर निवडून आले व त्या राज्याचे महसूल उपमंत्री झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. नव्या राज्यात वसंतराव आधी सहकारमंत्री व पुढे कृषिमंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा यशवंतराव चव्हाण ह्यांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते त्यांच्याकडे आले.

ह्याच सुमारास देशात एका नव्या विचाराने मूळ धरले होते. केंद्र सरकारने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली असे मत दिले होते, की खेड्यांच्या विकासाची कामे सरकारी नोकरांच्या बळावर तडीस जाणार नाहीत. ती लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे सोपविली पाहिजेत. महाराष्ट्रात हे कसे साधावे, हे ठरविण्यासाठी राज्य सरकारने जून १९६० मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्षपद वसंतराव नाईकांकडे आले.

समितीपुढील काम सोपे नव्हते. ब्रिटिशांच्या अमदानीपासून जिल्ह्याचा सारा कारभार कलेक्टरच्या भोवती फिरत असे. सारावसुली त्याच्याकडे, दुष्काळी कामे त्याच्याकडे, विकासाच्या योजनाही त्याच्याच देखरेखीखाली. लोकांच्या हाती सत्ता गेली तर पैशाची उधळपट्टी होईल, गावागावांत गट पडतील, अडाणी माणसांना हिशेब कळणार नाहीत, अशी भीती पुष्कळांना वाटत होती. ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी होती. बदली होऊन आलेला अधिकारी दोन-तीन वर्षांत निघून जातो. नाला मात्र तेथेच राहतो आणि नाल्याकाठचा शेतकरीही तेथेच राहतो. चुकीच्या जागी घातलेल्या बांधाचे दुःख त्याला जन्मभर भोगावे लागते.

ह्याचे एक उदाहरण पाहू. उताराच्या हलक्या जमिनीत समपातळीवर बांध घातले, तर वाहते पाणी थांबते, मातीत मुरते व जमिनीची धूप थांबते. परंतु खोल काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे तसेच बांध घातले तर पाणी साचून पीक सडते, आणि उन्हाळ्यात मातीला भेगा पडून बांधही फुटतात. म्हणून अशा जमिनीत जादा पाणी हळूहळू बाहेर काढून देणारे, किंचित उतार दिलेले बांध घालावे लागतात. नकाशावर एकच रेघ ओढून दोन्ही जमिनींत एकाच मापाचे काम करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. कोणत्या शेतात पाणी साचते व कोणत्या नाल्याला केव्हा पूर येतो, हे तेथील शेतकऱ्याला पाठ असते. तंत्रज्ञाचे ज्ञान आणि शेतकऱ्याचा अनुभव ह्यांची सांगड घातली गेली, तरच असे काम टिकते.

वसंतरावांच्या समितीने आपला अहवाल मार्च १९६१ मध्ये सादर केला. त्यात २२६ शिफारशी होत्या. गावाला ग्रामपंचायत, गटाला पंचायत समिती व जिल्ह्याला जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची रचना समितीने सुचविली. मेहता समितीने मधल्या पायरीवर, म्हणजे पंचायत समितीवर, अधिक भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषदेस सर्वांत बलवान केले. जिल्ह्यात पुरेसे तज्ज्ञ नेमता येतात, मोठी योजना आखता येते व साधनांची वाटणी करता येते, असा त्यामागील विचार होता. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे, असेही समितीने ठरविले. परिषदेचे सदस्य लोकांनी निवडून द्यावे, आणि त्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी करण्यासाठी एक स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, अशी ही योजना होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वसंतराव त्या वेळी स्वतः महसूलमंत्री होते. कलेक्टर हा त्यांच्याच खात्याचा मुख्य आधार. आपल्या खात्याच्या हातून निघून जाणाऱ्या अधिकारांची यादी त्यांनी आपल्याच अध्यक्षतेखाली तयार केली. सत्ता मिळविण्यासाठी झटणारी माणसे पुष्कळ असतात. हातची सत्ता दुसऱ्यांना वाटून देणारी थोडी.

ह्या शिफारशींच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ हा कायदा झाला व १ मे १९६२ पासून तो अमलात आला. मुंबई शहर सोडून राज्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते ह्यांच्याबरोबरच शेती सुधारणा व लहान पाटबंधारे ही कामेही त्यांच्याकडे आली. आता यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील तलाव फुटला, तर तेथून निवडून आलेला सदस्य परिषदेच्या सभेत उभा राहून विचारू शकत होता, की ह्या कामावर किती खर्च झाला, माती दाबली होती की नाही, दुरुस्ती केव्हा होणार? अधिकाऱ्यांना त्याचे उत्तर देणे भाग होते. परिषदेच्या हिशेबांची सरकारी लेखापरीक्षकांकडून तपासणी होऊ लागली, आणि विधिमंडळाची पंचायत राज समितीही जिल्ह्यात जाऊन कारभाराची विचारपूस करू लागली. अधिकार दिला म्हणजे हिशेबही द्यावा लागतो, हे ह्या व्यवस्थेचे सूत्र होते.

मारोतराव कन्नमवार ह्यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर होते. तो काळ धान्यटंचाईचा होता. परदेशांतून येणाऱ्या धान्यावर देशाला अवलंबून राहावे लागे. महाराष्ट्र अन्नधान्यात स्वावलंबी झालाच पाहिजे, ह्या विचाराने वसंतराव झपाटून गेले. दोन वर्षांत तसे न झाल्यास आपण देहदंड स्वीकारू, अशी जाहीर प्रतिज्ञा त्यांनी १९६५ साली पुण्यास शनिवारवाड्यापुढे केली. ते स्वतः हाडाचे शेतकरी होते. संकरित ज्वारीचे बियाणे, खते व विहिरी ह्यांचा प्रसार करण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून कणसाचे दाणे पाहणारा मुख्यमंत्री लोकांना आपला वाटे. त्यांच्याच कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १९७० नंतर राज्याच्या मोठ्या भागात पाऊस कमी झाला, आणि १९७२ साली तर आकाश कोरडेच राहिले. विहिरी आटल्या, शेते करपली, गुरांना चारा मिळेना. लक्षावधी माणसे कामाच्या शोधात घराबाहेर पडली. अशा वेळी सरकारने दुष्काळी कामे काढावयाची, ही जुनीच प्रथा होती. खडी फोडणे हे त्यांतील नेहमीचे काम. मजुराला त्यातून दोन घास मिळत. पण वर्ष उलटल्यावर गावाजवळ रस्त्याकाठी पडलेल्या खडीच्या ढिगांवाचून काही उरत नसे.

वसंतरावांच्या सरकारने ह्या कामांना वेगळे वळण दिले. दुष्काळात गळणाऱ्या घामातून पुढचा दुष्काळ सौम्य करणारे काही तरी उभे राहिले पाहिजे, अशी दृष्टी त्यामागे होती. म्हणून पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती, कालवे व विहिरी अशी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. पाझर तलावातून पाट काढून शेतास पाणी देत नाहीत. नाल्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवितात. ते हळूहळू जमिनीत झिरपते व खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. त्या मजुरांना सुकडी नावाचा पौष्टिक आहार वाटला जाई. त्या काळातील सुकडीची व परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची आठवण खेड्यांतील वृद्ध माणसे पुढे कित्येक वर्षे सांगत असत.

ह्याच कालखंडात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्रात आकारास आली. तिची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांची. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली तिचा प्रयोग झाला होता. वसंतरावांनी तिला राज्यव्यापी योजनेचे रूप देण्यास पाठबळ दिले. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. आणि २००५ साली संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगाराचा जो कायदा झाला, त्याला महाराष्ट्राच्या ह्याच योजनेचा अनुभव उपयोगी पडला.

एवढे प्रचंड काम घाईगर्दीत झाले, तेव्हा त्यात उणिवा राहणे अपरिहार्य होते. काही तलाव चुकीच्या जागी बांधले गेले, काही गाळाने भरले, काही बांधांची पुढे कोणी डागडुजी केली नाही. माथ्यावरील धूप न थांबविता पायथ्याशी तलाव बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरून जातो. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करीत यावे, हा धडा ह्या अनुभवातून मिळाला. आणखीही एक धडा मिळाला. तलाव सरकारने बांधला म्हणून तो राखण्याचे कामही सरकारचेच, असे जेथे लोकांनी मानले तेथे तो बिघडला. जेथे गावाने त्याला आपले मानले, गाळ काढला, बांधावरची झाडे राखली, ग्रामसभेत हिशेब विचारला, तेथे तो टिकला. कायद्याने अधिकार मिळतो. तो वापरण्याची सवय मात्र लोकांनी स्वतःला लावून घ्यावी लागते.

मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर वसंतराव १९७७ साली वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. गहुलीच्या तांड्यावर सुरू झालेला जीवनप्रवास दूरदेशी संपला.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे १९९१ ते १९९३ ह्या काळात मुख्यमंत्री होते. पावसाचा प्रत्येक थेंब शेतातच अडविला पाहिजे, ह्या तळमळीने त्यांनी १९९२ साली राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निर्माण केले. १९९३ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन पंचायतींना सर्व देशभर घटनेचा आधार मिळाला. महाराष्ट्रात तेव्हा जिल्हा परिषदांचा कारभार तीन दशके जुना झालेला होता.

वसंतरावांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो, आणि सुधाकररावांचा स्मृतिदिन, १० मे, जलसंधारण दिन म्हणून. एक दिवस पावसाळ्याच्या आरंभी येतो, दुसरा ऐन उन्हाळ्यात. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याची वाट आजही खडतर आहे. पाऊस त्याच्या हाती नाही आणि बाजारभावही त्याच्या हाती नाही. पण पडलेला पाऊस कोठे अडवावयाचा व त्यासाठी आलेला पैसा कसा खर्च झाला हे विचारावयाचे, एवढे तरी त्याच्या हाती आहे. तो हक्क त्याच्या दारापर्यंत पोहोचविण्यासाठी ज्या माणसाने मंत्रिपदावर असताना आपल्याच खात्याचे अधिकार कमी करून घेतले, त्याची ओळख प्रत्येक मुलाला असावी. आपल्या गावची ग्रामसभा भरेल तेव्हा एका कोपऱ्यात बसून तिचे कामकाज ऐकावे. गावच्या तलावाविषयी तेथे कोणी प्रश्न विचारीत असेल, तर वसंतरावांनी आरंभिलेले काम चालू आहे असे खुशाल समजावे.